‘हीट बंद करा’: टेकन ८ आणि मालवणातलं एक पार्लर

गणपतीचा तिसरा दिवस. व्हिडिओ गेम पार्लरच्या दाराला चिकटवलेल्या ड्रॉच्या कागदावर पेनानं आडवं लिहिलेलं सापडलं, ‘हीट बंद करा, नायतर पैसे परत.’ टेकन ८ या मारामारीच्या गेमची स्पर्धा, हीट ही त्यातली नवी सोय. सोळा जण, शंभर रुपये एंट्री, पहिली फेरी संपलेली आणि रोजच्या मंडळींतले काही जण बाहेर. हरवणारे सगळे मुंबईहून आलेले चाकरमानी, त्यातला एक तर अकरावीतला.

हे पार्लर कल्पित आहे. भरड नाक्याच्या आसपास कुठल्याही गाळ्यात बसवावं, असं. खेळाबद्दलच्या तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत. मालवण मुद्दाम घेतलं, कारण इथल्या वर्षाचं वेळापत्रक या भांडणात शिरतं. ते वगळलं की ‘जुन्या खेळाडूंना बदल नको असतो’ एवढंच हाती लागतं, आणि तेवढ्यावर कुठलाही पार्लरवाला काही करू शकत नाही.

मशीन चार. तीन पीएस४, म्हणजे जुनी प्लेस्टेशन, त्यांवर टेकन ७ आणि फुटबॉल. चौथी पीएस५, ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेली. आणावीच लागली, कारण टेकन ८ पीएस४वर निघालाच नाही. २६ जानेवारी २०२४ ला तो आला तो पीएस५, एक्सबॉक्स सीरीज आणि पीसीसाठीच. ५४,९९० रुपयांची मशीन आणि वर गेमचे पैसे, एवढं घातल्यावर मालक गणपतीची स्पर्धा जुन्या गेमवर घेईल हे शक्य नव्हतं. ‘यंदा टेकन ८’ असा कागद नारळी पौर्णिमेला लागला. पौर्णिमा १९ ऑगस्टला, गणपती ७ सप्टेंबरला. हातात एकोणीस दिवस.

पार्लरमध्ये माणसं नावानं ओळखली जात नाहीत, पात्रानं ओळखली जातात. पॉलवाला, किंगवाला, लॉवाला. हे तिघे होड्यांवर आणि स्कूबाच्या धंद्यात कामाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही वर ओढलेल्या. म्हणजे जून-जुलै हीच त्यांची शाळा. टेकन ७ त्यांनी असाच शिकला, एकेका पावसाळ्यात एकेक पात्र. नवा गेम पार्लरमध्ये आला तो बरोबर त्यांचं काम सुरू होताना. चाकरमानी पोरं तोवर सात महिने मुंबईत घरी बसून ऑनलाइन खेळलेली.

बदललं काय?

टेकन ८ मध्ये प्रत्येक खेळाडूला प्रत्येक राउंडमध्ये एकदा ‘हीट’ मिळते. रक्ताच्या पट्टीखाली तिची वेगळी पट्टी असते. हीट चालू झाली की सुमारे दहा सेकंद तुमचे फटके जड होतात आणि समोरच्यानं अडवले तरी त्याचं थोडं रक्त जातं. हे गेलेलं रक्त पट्टीवर फिकट दिसतं आणि त्यानं उलट हल्ला चढवला तर परत मिळतं. चालू करायचे रस्ते दोन. एक, कंट्रोलरवरचं (पार्लरच्या भाषेत रिमोट) आर१ बटण दाबून हीट बर्स्ट. दोन, पात्राचे काही ठरावीक फटके, ज्यांना हीट एंगेजर म्हणतात, ते लागले की हीट आपोआप चालू होते. चालू असताना आणखी दोन गोष्टी मिळतात. हीट स्मॅश म्हणजे उरलेली सगळी हीट एका मोठ्या फटक्यात उडवणं. हीट डॅश म्हणजे एंगेजर मारून लगेच पुढे झेपावणं.

भांडणाचं मूळ हीट डॅशमध्ये आहे, म्हणून तिथं जरा थांबू. एंगेजर तुम्ही नीट अडवलात, समोरच्यानं हीट डॅश केला, तर तो तुमच्यापेक्षा पाच फ्रेम आधी मोकळा होतो. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र. सेकंदात साठ फ्रेम, म्हणजे पाच फ्रेम हा सेकंदाचा बारावा भाग. तुमच्याकडचा सगळ्यात जलद फटका, साधा जॅब, दहा फ्रेमचा. पाच उशिरा सुरू झाल्यामुळे तो पंधराव्या फ्रेमला पोचतो. समोरच्यानं चौदा किंवा कमी फ्रेमचं काहीही दाबलं तरी त्याचं आधी लागतं. म्हणजे तुम्ही बरोबर अडवलंत, चूक काही केली नाही, आणि तरी पुढची पाळी त्याचीच. टेकन ७ मध्ये वाढलेल्या माणसाला हे अन्यायाचं वाटतं, कारण तिथली शिस्त उलटी होती. मोठा फटका अडवला की पाळी अडवणाऱ्याची.

कुणाचं काय गेलं?

पॉलवाल्याची खरी कमाई डेथफिस्ट, म्हणजे पॉलची गाजलेली मूठ, नव्हती. ती खाली, तिरकं, पुढे आणि त्रिकोण, कुणीही मारतो. त्याची कमाई होती मागे सरकण्यात. मागे, मागे, मग मागे-खाली, पुन्हा मागे, हे अंगठ्यानं न थांबता करत राहायचं. जगभर याला कोरियन बॅकडॅश म्हणतात. असं सरकत राहिलं की समोरच्याचा फटका हवेत जातो आणि त्या रिकाम्या क्षणात आपण मारायचं. दोन पावसाळे अंगठ्याची साल काढल्यावर हे येतं. टेकन ८ मध्येही ते चालतं, पण त्याचा भाव पडला. समोरचा झेपावत अंगावर येतो, अडवलं तरी रक्त जातं, मागे भिंत असते. बॅकडॅश काढून टाकलेला नाही, त्याची किंमत उतरली आहे. सुतक आहे ते या किमतीचं.

अकरावीतल्या पोराचं मात्र काहीच गेलं नाही, कारण गमावण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच.

स्पेशल स्टाइल हा दुसरा काटा. एल१ दाबलं की चार बटणांवर पात्राचे ठरावीक चांगले फटके येऊन बसतात आणि एकच बटण कुटत राहिलं तरी कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची माळ, निघतो. किंगवाला त्यावर म्हणाला, “बटण दाबला की झाला, मगे शिकाचा कित्याक?” प्रश्न रास्त आहे, पण धोका वाटतो तेवढा नाही. फटके मोजके असतात आणि ती स्टाइल चालू असली की पडद्यावर तशी पाटी दिसते, म्हणजे काय येणार हे समोरच्याला अर्धं कळलेलंच असतं. जून २०२३ मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर ६ नं असेच सोपे ‘मॉडर्न’ कंट्रोल दिले, तेव्हा एका बटणावर निघणाऱ्या खास फटक्यांची ताकद वीस टक्के कमी ठेवून हिशेब सरळ केला. आणि खरं सांगायचं तर बटणं कुटून जिंकणारे पार्लरमध्ये टेकन ३ पासून आहेत. एडी गॉर्डो घेऊन डोळे मिटून लाथा मारणारा एक तरी पोरगा प्रत्येक गावात होऊन गेला.

मालिकेचा इतिहास काढला तर ‘खरा टेकन’ कुठला हे ठरवणं अवघड जातं. टेकन ४, २००१ साली आर्केडमध्ये आणि पुढच्या वर्षी पीएस२वर, त्यात दोन नव्या गोष्टी आल्या: भिंती आणि उंचसखल जमीन. ओरड दोन्हींवर झाली. टेकन ५ मध्ये जमीन पुन्हा सपाट झाली, भिंती मात्र राहिल्या. आज भिंतीशिवायचा कॉम्बो कुणाला सुचतही नाही. रेज, म्हणजे रक्त संपत आलं की फटके जड होणं, हे टेकन ६ मध्ये आलं. रेज आर्ट, म्हणजे रेजमध्ये मिळणारा एक मोठा फटका, टेकन ७ मध्ये. लॉवाला हीटला शिव्या घालतो आणि रेज आर्टवर सामने काढतो, कारण तो पार्लरमध्ये आला तेव्हा रेज आर्ट होतीच. तिला कुणी नवी म्हटल्याचं त्यानं ऐकलेलंच नाही.

बंदीचा दीड तास

मालकानं पैसे परत केले नाहीत. मान्य केलं ते एवढंच, की दुसरी फेरी ‘हीट न वापरता’ होऊ दे. हा तोडगा कुणालाही सुचेल आणि कुठंही टिकणार नाही. का, ते लगेच दिसलं. आर१ला हात लावायचा नाही असं ठरलं. पहिल्याच सामन्यात किंगवाल्याचा नेहमीचा फटका लागला, तो निघाला एंगेजर, आणि त्याचाच किंग निळ्या ज्वाळांनी पेटला. बघणारे ओरडले. त्यानं दोन्ही हात वर केले, रिमोट मांडीवर. तेवढ्यात समोरच्यानं मारून घेतलं. मग नियम झाला की एंगेजर मारायचे नाहीत. पण कुठल्या पात्राचे कुठले फटके एंगेजर, याची यादी कुणालाच पाठ नव्हती. मग कुणीतरी शोध लावला की आर१ची नेमणूक बदलली तरी त्रिकोण आणि फुली एकत्र दाबलं की बर्स्ट होतोच. दीड तासात चार सामने झाले, तीन भांडणं झाली आणि मालकानं नियम फाडून टाकला.

यातून पार्लरवाल्यानं घ्यायचं ते हे. नवा मेकॅनिक, म्हणजे हीटसारखी खेळण्याची नवी सोय, गेमच्या वर चिकटवलेला असेल तर काढता येतो. पण साध्या फटक्यांमध्ये विणलेला असेल तर तोंडी नियमानं निघत नाही. स्पर्धा जाहीर करण्याआधी हे तपासायला पाच मिनिटं पुरतात.

स्पर्धा अकरावीवाल्यानंच जिंकली.

टीव्ही

विसर्जनानंतर मालक आणि पॉलवाला पीएस५ समोर बसले. पॉलवाल्याची तक्रार आता बारीक झाली होती: “ब्लॉक धरतंय, लागत नाय.” हीटचा आणि याचा काही संबंध नाही. दोष निघाला भिंतीवर. पीएस५साठी नवा पंचावन्न इंची टीव्ही घेतलेला, त्यात गेम मोड बंद. चित्र गुळगुळीत करायच्या सगळ्या सोयी चालू. अशा टीव्हीवर शंभर मिलिसेकंद उशीर व्हायला काही लागत नाही, आणि शंभर मिलिसेकंद म्हणजे सहा फ्रेम. पीएस४ मात्र छोट्या मॉनिटरवर, जिथं तो उशीर जाणवत नव्हता. म्हणजे जुना गेम चपळ आणि नवा जड, असं जे सगळे बोलत होते त्यातला मोठा वाटा टीव्हीचा होता. चाकरमान्यांनाही तोच टीव्ही होता. पण त्यांचं खेळणं झेपावण्याचं, बघून अडवण्याचं नाही. उशीर अडवणाऱ्याला मारतो.

दुरुस्ती: टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टपुरता गेम मोड चालू करणे, मोशन स्मूदिंग बंद करणे. पोर्ट बदललं की सेटिंग पुन्हा तपासणे. शिवाय खाऱ्या हवेत खेळायच्या रिमोटच्या बाणांखालचं रबर मऊ पडतं. ‘खाली’ दोनदा दाबावं लागत असेल तर स्पर्धेला तो रिमोट देऊ नये.

रांग

आम्हाला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट गेममध्ये नाहीच. पार्लरचा जुना कायदा असा, की हरेल तो उठेल. जिंकणारा बसून राहतो. टेकन ७ च्या काळात त्याचा फायदा पॉलवाल्याला होता, तासन्‌तास खुर्ची त्याची. पीएस५वर तो दीड मिनिटात उठू लागला आणि पुन्हा पाळी यायला अर्धा तास. म्हणजे ज्याला शिकायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच मशीन सगळ्यात कमी मिळते. असा माणूस पाच-सहा पाळ्या हरतो, प्रत्येक वेळी पाच-सहा जणांसमोर, आणि सातव्या वेळी पीएस४वर जाऊन बसतो. त्यानं ‘हीट वाईट आहे’ म्हटलं, तर त्या वाक्यात हीट किती आणि रांग किती, हे त्यालाही सांगता येणार नाही. घरी एकटा खेळणारा चाहता या चक्रात अडकत नाही. म्हणूनच मुंबईचा पोरगा तोच गेम तक्रारीविना शिकला.

मालकानं पीएस५पुरता कायदा बदलला. तीन राउंडचे दोन सामने, मग जिंकलेला-हरलेला दोघेही उठायचे. सकाळी दहा ते बारा मशीन रिकामीच असते. तो वेळ अर्ध्या दरानं सरावासाठी, एकाला किंवा जोडीला. ज्याची होडी दुपारी असते त्याला हा वेळ जमतो.

आणि एक वही ठेवली. राउंड हरला की एकच ओळ लिहायची: मी कशानं मेलो. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्या ओळी ‘हीट’. एवढ्यावर काही करता येत नाही. मग मालकानं दोन गोष्टी जोडायला सांगितल्या, हीटचा कुठला भाग आणि तेव्हा माझी हीट शिल्लक होती का. वही बोलू लागली ती तिथून. तीन प्रकार निघाले.

पहिला: आपण जॅबची माळ लावलेली असताना समोरचा हीट बर्स्ट करतो आणि फटके अंगावर घेत आपल्याला मारतो. याला उत्तर आहे. बर्स्ट वरचे आणि मधले फटके झेलतो, पण खालचा फटका किंवा थ्रो, म्हणजे पकडून आपटणं, त्याला मोडतो. माळ पूर्ण न करता दुसऱ्या जॅबनंतर थांबायची सवय लावली की अर्धं काम होतं. किंगवाल्याकडे तर थ्रोचा खजिनाच. त्याला हे कळल्यावर तो बर्स्टची वाट बघू लागला.

दुसरा: राउंड संपला आणि स्वतःची हीट वापरलीच नाही. हे इतक्यांदा लिहिलेलं निघालं की वही वाचताना सगळे हसले. जपून ठेवायची सवय रेज आर्टची. ती शेवटी वापरायची असते. हीट मात्र पुढच्या राउंडला साठत नाही. नव्या राउंडला नवी मिळतेच. “मेल्या, हीट ठेवन काय लोणचा घालतलंस?” हे वाक्य पुढे महिनाभर पार्लरमध्ये चाललं. दोन्ही बाजूंना सारखं दिलेलं हत्यार एकानंच उचललं, तर ते जड आहे का हे ठरवताच येत नाही.

तिसरा: अडवल्यानंतरचा हीट डॅश, तो पाच फ्रेमचा. याची तालीम करायची पद्धत अशी. प्रॅक्टिसमध्ये समोरच्या पात्राच्या हालचाली रेकॉर्ड करायच्या. पहिल्या खणात डॅशनंतर मधला फटका, दुसऱ्यात खालचा, तिसऱ्यात थ्रो. मग तिन्ही उलटसुलट लावायला सांगायचं आणि दहा मिनिटं फक्त बचाव करायचा. जॅब दाबायचा नाही. फ्रेमचे आकडे पडद्यावर चालू ठेवायचे. टेकन ७ मध्ये ही सोय वेगळे पैसे मोजून मिळायची, ८ मध्ये गेमबरोबरच आहे. दहा मिनिटांनी काय कळतं? खालचा फटका सावकाश असेल तर दिसतो. थ्रो कधी सुटतो, कधी नाही. पण मधला की खालचा, म्हणजे उभं राहून अडवायचं की बसून, हा शेवटी अंदाज. कितीही तालीम केली तरी एक अंदाज उरतोच, आणि तो अंदाज बरोबर अडवल्याबद्दल करावा लागतो.

म्हणजे तीनपैकी दोन तक्रारी सरावाच्या निघाल्या आणि एक खरी. पॉलवाल्याला दुखत होतं ती जागा बरोबर होती. औषध, हीटच बंद करा, चुकीचं होतं.

एप्रिल २०२५

खऱ्या निघालेल्या तक्रारीचं पुढं काय झालं, ते मालवणाबाहेर घडलं. एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला टेकन ८ च्या दुसऱ्या सीझनचं अपडेट आलं. त्याआधी बचाव मजबूत करण्याची भाषा झाली होती. आलं ते उलट. हल्ला करणाऱ्याची पाळी टिकवून ठेवणारे आणि समोरच्याला अंदाज करायला लावणारे फटके वाढले. या वेळी ओरडणारे पार्लरवाले नव्हते, व्यावसायिक खेळाडू होते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावरची ताजी मतं तळाला गेली. एप्रिलच्या मध्यात घाईनं दुरुस्तीचं अपडेट काढावं लागलं, पुढे आणखीही सुधारणा आल्या. हीट कुणी काढली नाही. दुरुस्ती झाली ती ठरावीक फटक्यांच्या आकड्यांत.

पार्लरमध्ये किंगवाल्यानं मोबाइलवर ते वाचून दाखवलं आणि वहीतलं तिसरं पान उघडून काउंटरवर ठेवलं. बोलला काही नाही.

मालकापुढे प्रश्न होता अपडेट घ्यायचं का. पीएस५वर आपोआप अपडेट बंद ठेवता येतं. जुन्या आवृत्तीवर ऑनलाइन खेळता येत नाही, पण शेजारी बसून खेळता येतं, आणि पार्लरला तेवढंच हवं. त्यानं सेटिंग बंद केलं, वर खात्री म्हणून केबल काढून खिळ्याला टांगली. तोटा उघड होता. मे महिन्यात चाकरमानी येणार, त्यांच्या हातात नवी आवृत्ती बसलेली असणार. पुन्हा एकोणीस दिवसांचाच घोळ, फक्त उलटा.

मेमध्ये स्पर्धा घेतली ती जुन्या आवृत्तीवर, आणि तसं एंट्रीच्या कागदावर आधीच छापून. अकरावीवाला, आता बारावीतला, कुरकुरला आणि तिसऱ्या फेरीत लॉवाल्याकडून हरला.

१ जूनला होड्या वर आल्या. संध्याकाळी पॉलवाला पार्लरमध्ये आला, खिळ्यावरची केबल काढून मशीनला लावली आणि अपडेट उतरेपर्यंत पीएस४वर टेकन ७ खेळत बसला.